आप्पांची खूण

१

गोळ्यांची पट्टी टेबलावर पडली होती. दहांपैकी पाच घरं फुटलेली, पाच शाबूत.

सोमवारी संध्याकाळी ज्ञानेश्वरीने ती औषधाच्या दुकानातून आणली तेव्हा दहाच्या दहा होत्या. आप्पांनी रोज सकाळी नऊला एक घ्यायची. जुनी पट्टी सोमवारीच संपलेली, म्हणजे मंगळवारी एकच घर फुटायला हवं होतं. फुटली पाच, आणि त्याच संध्याकाळी आप्पा गेले. हृदयाची गोळी होती ती. एक घेतली तर आधार. मूत्रपिंडं थकलेल्या म्हाताऱ्याने एका दिवसात पाच घेतल्या तर विष.

"मॅडम, आप्पा विसरले नव्हते," ज्ञानेश्वरी म्हणाली. आज शनिवार होता, आणि कालपासून ती हे एकच वाक्य बोलत होती.

समोर बसलेल्या उपनिरीक्षक क्षिप्राला त्या वाक्याचा हेवा वाटला. सात महिन्यांच्या रेवाला आईकडे सोपवून ती अकरा दिवसांपूर्वी कामावर परतली होती. एवढ्या दिवसांत तिने एकदा घराची किल्ली फ्रीजमध्ये ठेवली होती, आणि एकदा जबाबावर चुकीची तारीख टाकली होती. ती तारीख बघून साहेब सगळ्यांसमोर म्हणाले होते, "बाळंतपणानंतर बायकांचं डोकं थोडं पातळ होतंच. हे प्रकरण सोपं आहे, तेवढं करा. मुलाची तक्रार आहे, शेजाऱ्यांचे जबाब आहेत. म्हाताऱ्याने गुंगून पडावं आणि आपल्याला हुंदडता यावं म्हणून पोरीने गोळ्या चारल्या. संध्याकाळी सहाला कागद माझ्या टेबलावर. उद्या तिला कोर्टात उभी करू."

ज्ञानेश्वरी सव्वीस वर्षांची. दिघ्याच्या चाळीतून रोज नेरुळला यायची, आप्पांचं जेवण करायची, त्यांच्या सोबतीला थांबायची. नवरा दोन वर्षांपूर्वी निघून गेलेला. तीन वर्षांची मुलगी कालपासून शेजारणीकडे होती.

"झोपताना माझं बोट धरते ती," ज्ञानेश्वरी टेबलाकडे बघत म्हणाली. "काल कुणाचं धरलं असेल?"

क्षिप्राने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. तिची स्वतःची छाती दुधाने जड झाली होती. दहाला रेवाला पाजायला जायचं होतं, आता साडेअकरा झाले होते.

"गोळी तू देत नव्हतीस?"

"हात नाय लावू द्यायचे. 'पस्तीस वर्षं मार्केटात पोती वाहिली, एक गोळी मला उचलंना व्हय?' म्हणायचे. शनिवार-रविवार प्राचीताई, त्यांची सून, हातावर ठेवायची. बाकीचे दिवस तेच. दाराजवळच्या खणात पट्टी असायची. तिथंच हॉलमध्ये फेऱ्या मारायचे, डॉक्टरांनी सांगितलेल्या."

"मग घेतली की नाही हे त्यांना कळायचं कसं? विसरायला लागले होते ना?"

"माझं नाव विसरायचे. मला प्रत्येक दिवशी नवीन नाव. पण गोळी नाय विसरायचे. त्यांची खूण होती. गोळी घेतली की काहीतरी करून ठेवायचे. ते दिसलं की समजायचं, आजची झाली."

"काय करून ठेवायचे?"

"ते त्यांनी नाय सांगितलं. विचारलं तर हसायचे. 'सांगितलेली खूण लोकाची होते' म्हणायचे. घरात त्यांचे नियम लय होते. घड्याळाला चावी मी देणार. कॅलेंडरचं पान मी उलटणार. देव्हाऱ्यातलं निरांजन मी लावणार. बाईमाणसानं माझ्या पायतानाला हात लावायचा नाय. खिडकीतला तांब्या हलवायचा नाय. मी काय, हो म्हणायचे."

क्षिप्राने पाचही गोष्टी कागदावर लिहिल्या. स्वतःच्या डोक्यावर तिचा हल्ली भरवसा नव्हता.

यांपैकी एक आप्पांची खूण होती. ती जागेवर असताना आप्पांनी पाच गोळ्या घेतल्या असतील, तर पोरगी खोटं बोलत होती. आणि ती जागेवर नव्हती, तर कुणीतरी ती पुसली होती.

२

नेरुळच्या त्या इमारतीत चौथ्या मजल्यावर दोनच दारं होती, समोरासमोर. दहा दिवसांचं सुतक असलेल्या घराला असते तशी शांतता. उंबऱ्याच्या आत जोडे ठेवायचं बुटकं कपाट, त्याच्या वरच्या अंगाला गोळ्यांचा खण, आणि कपाटाच्या पायाशी म्हाताऱ्याच्या कोल्हापुरी चपलांचा जोड, शेजारी शेजारी, जणू माणूस आत पाणी प्यायला गेलाय.

क्षिप्राने घाईघाईने सँडल काढल्या. एक कलंडली.

"या मॅडम," कुलदीप म्हणाला. आप्पांचा एकुलता मुलगा, चाळिशीचा, सॉफ्टवेअर कंपनीत. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. बोलता बोलता त्याने पायाच्या अंगठ्याने तिची कलंडलेली सँडल सरळ केली आणि खुर्ची पुढे ओढली. "पुन्हा विचारणार का सगळं? विचारा. मला आता सगळं पाठ झालंय."

हे क्षिप्राला खटकलं. खरं घडलेलं पाठ होत नाही. खरं आठवणारा माणूस अडखळतो, मागे जातो, मध्येच भलतंच सांगतो. पाठ होतं ते वारंवार सांगितलेलं. आणि दर वेळी सांगताना आठवणीचा एखादा कोपरा घासून गुळगुळीत होतो, तेही तिला माहीत होतं.

"मंगळवारी तुम्ही घरी कसे?"

"घसा धरला होता. घरून काम करत होतो. प्राची आठला ऑफिसला गेली. मी आतल्या खोलीत. साडेनऊपासून दीडपर्यंत मिटिंगा, कानात हेडफोन. खोलीबाहेर पाऊल टाकलं नाही. ती मुलगी दहाला आली आणि अकराला जी गेली ती दोन तास गायब. दीडला बाहेर आलो तर आप्पा इथे, दाराजवळ बसलेले. ओकत होते. मला म्हणाले, सगळं पिवळं दिसतंय." त्याने आतल्या खोलीकडे बोट केलं. "मी घरात होतो मॅडम. बारा फुटांवर."

भिंतीवर एका हसऱ्या बाईचा फोटो होता, त्याला जुना चंदनाचा हार.

"आई," तो म्हणाला. "सहा वर्षं झाली. ती असेपर्यंत या घरात भांडण म्हणून झालं नाही. फार जपायची."

क्षिप्रा उठून फिरली. घड्याळ चालू होतं. कॅलेंडरवर एकही खूण नव्हती. निरांजन तेलाने चिकट. खिडकीतला तांब्या सुलटा, अर्धा भरलेला. सगळं जिथल्या तिथे होतं, काहीच बोलत नव्हतं.

"तुमच्या वडिलांची काही खूण होती, गोळी घेतल्याची?"

"आप्पांची?" कुलदीप थकल्यासारखा हसला. "त्यांना माझ्या लग्नाचं वर्ष आठवायचं नाही. कसली खूण आलीय."

खाली फाटकापाशी वॉचमन कोंडिबा बसला होता. त्याने पोलिसांना आधीच सांगितलं होतं, पोरगी दोन तास बाहेर होती.

"दोन तास कशावरून?"

"आता सगळी सोसायटी तेच म्हणतीया की, दोन तास."

"सोसायटीचं सोडा. ती गेली तेव्हा तुम्ही काय करत होता? डोळे मिटा आणि बघा. खुर्ची कुठं होती?"

कोंडिबाने आधी तिच्याकडे आणि मग आजूबाजूला पाहिलं, कुणी हसत नाही ना म्हणून. मग डोळे मिटले. "खुर्ची सावलीला. मी डबा उघडला. ती म्हनली, मामा जेवा, भाजी घिऊन येते. कारल्याची भाजी व्हती, मी नाक मुरडलं. ती हसली."

"परत आली तेव्हा?"

"तवा..." कोंडिबाचे डोळे उघडले. "तवा माझी दुसरी भाकरी चालू व्हती, मॅडम. कोथमिरीची जुडी दाखवली तिनं मला."

म्हणजे वीस मिनिटं. फार तर पंचवीस. वर बसलेल्या मुलाने एकदा दोन तास म्हटलं आणि साऱ्या इमारतीची आठवण लांबली. मुलगा स्वतः चुकला होता, की त्याने लांबवली होती?

३

जयप्रकाश सर सोसायटीच्या हॉलमध्ये ज्येष्ठ नागरिकांचा आठवणींचा वर्ग घ्यायचे, रोज चार वाजता. आप्पा त्यात बसायचे, हे कोंडिबाने सांगितलं होतं. शाळेतून निवृत्त झालेला, पांढऱ्या शर्टाला इस्त्री असलेला माणूस. क्षिप्रा पोहोचली तेव्हा ते खुर्चीवर चढून फळ्यावरचा एक कागद काढत होते. तिला बघून त्यांनी तो दुमडून खिशात घातला.

"दाखवा," ती म्हणाली.

कागदावर सुरेख अक्षरात लिहिलं होतं: 'डोक्यावर विश्वास ठेवू नका, खुणेवर ठेवा.'

सर खाली उतरले. उतरताना खुर्चीची पाठ धरून थोडे थांबले. "माझ्या वर्गातला माणूस गोळ्या जास्त घेऊन गेला. उद्या लोक काय म्हणतील, मला कळतं. वर्गात बावीस जण होते. कालपासून तिघे येतात."

"तुम्ही काय शिकवलंत त्यांना?"

"नवीन काहीच नाही. माणसाला आकडे आठवत नाहीत, नावं आठवत नाहीत, पण वाट आठवते. म्हणून लक्षात ठेवायची गोष्ट आपल्या घराच्या वाटेवर ठेवून यायची. दारावर एक, खिडकीत एक, चुलीवर एक. मग मनात घरातून चालत जायचं, की सापडतात. हे झालं यादीचं. रोजच्या कामाची अडचण वेगळी असते. तुम्ही सकाळी गॅस बंद केला?"

क्षिप्राला आठवेना.

"केला असेल. पण आजचा आणि कालचा सारखाच दिसतो. रोजची गोष्ट एकावर एक बसते आणि सगळे दिवस एकाच दिवसासारखे होतात. म्हणून काम केलं की घरातली एक गोष्ट मुद्दाम विपरीत करून ठेवायची. अशी, की डोळ्यांत खुपली पाहिजे. नीटनेटकं डोळ्याला दिसतच नाही. आणि कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की लोक मदत करायला येतात, खूण बिघडते."

"आप्पांनी कोणती खूण धरली होती?"

"नाही सांगितली. मीच तसं शिकवलेलं." सरांनी चष्मा पुसला. "पण एकदा वर्गात हसून म्हणाले होते, 'मास्तर, आमची मंडळी असती तर तिनं हे घडीभर खपवून घेतलं नसतं. गोळी घेतली की तिची बोलणी ऐकू येतात मला.' बायकोबद्दल ते एवढंच बोलले, तीन महिन्यांत."

क्षिप्रा निघाली तेव्हा मागून सर म्हणाले, "त्यांच्या समोरच्या दारातल्या राजाबाईंना विचारा. वर्गात बसायच्या, पण शिकायच्या नाहीत. मीच त्यांच्याकडून शिकायचो."

४

राजाबाई मूळची शिरवण्याची, आगरी. लेकीच्या फ्लॅटमध्ये राहायला आली तरी दार उघडं टाकून उंबऱ्यात बसायची सवय सुटली नव्हती. सत्तरी उलटलेली. उभ्या आयुष्यात शेकडो लग्नांत धवले गायलेली धवलारीण. तिच्या गाण्याशिवाय पूर्वी गावात हळदसुद्धा लागत नसे. आता लग्नांत डीजे असतो.

"मना लिवता-वाचता येत नाय, बाय," ती म्हणाली. "पन धवले दोनशेवर येतान. मास्तर इचारतो, कसे येतान? मी बोलली, जागेवर ठेवलेत. पयला उंबऱ्यावर. दुसरा मांडवाचे खांबाला, मेढीवर. तिसरा जात्यावर, चवथा चुलीपाशी, पाचवा भात सडाचे उकलापाशी. मी घरान फिरतंय नं गानी मना भेटतान."

"ते घर कुठे आहे?"

"ते? त्याचेवर आता बिल्डिंग हाय, सात माल्यांची. पन जाता माझा तिथंच हाय."

समोरच्या बंद दाराकडे दोघींनी पाहिलं.

"मंगळवारी तुम्ही इथेच होता?"

"जवला निवडत व्हते. आन तुमचे पोलिसाला सांगाया गेले तं बोलला, आजी, तुमचा वय झाला."

क्षिप्राच्या ओठांवर आपसूक हसू आलं. राजाबाईला म्हाताऱ्यांत काढलेलं होतं आणि तिला बाळंतिणींत. "मला सांगा. वाटेने चला."

राजाबाईने डोळे मिटले नाहीत. नजर फक्त लांब गेली, भिंतीपलीकडे. "उंबऱ्यावर कुरियरवाला. मेढीवर इस्त्रीवाला, त्याचे अंगावर गठुरा. जात्यावर ती पोर, पिशवी घेऊन खाली गेली. ती नाय तवा चुलीपाशी ग्यासवाला. ती परत आयली, हातान कोथमीर. मंग उकलापाशी पान्याचे टाकीवाले. संपला. मंग आप्पाला उचलून नेला."

"चार वेळा बेल. दार कोणी उघडलं? ज्ञानेश्वरीने?"

"नाय गो. तिचे हात पिठान. त्यांचा पोरगा. कानावर ती टोपनं लावलेली, तोंडानं इंग्रजी चालू. चारी येला तोच."

खोलीबाहेर पाऊल टाकलं नाही, असं सांगणारा.

"आणखी काही?"

"हाय ना. दार लावायचे आधी दर येला खाली वाकला. चारी येला. काय करत व्हता, कपाटाचे आड मना दिसला नाय."

चार वेळा बेल, चार वेळा वाकणं. एक गोळी नऊची, आणि चार वरच्या. त्याच कपाटात गोळ्यांचा खण होता.

५

घरी पोहोचायला अडीच वाजले. रेवा रडून रडून लाल झाली होती. तिला छातीशी धरल्यावर दोघींचा श्वास एकदमच खाली बसला.

पाजता पाजता क्षिप्रा मनात कुलदीपला उभं करून बघत होती. बापाच्या गोळ्या काढणारा, हातावर ठेवणारा. तिला तो दिसेना. ओकणाऱ्या बापाला बारा फुटांवर ठेवून मिटिंग करणारा माणूस शनिवारी डोळे सुजवून बसत नाही. पण मग तो खोटं का बोलला?

"रेवाला थेंब दिलेस का गं?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं. व्हिटॅमिनचे थेंब, रोज एकदा.

दिले होते? सकाळी बाटली हातात घेतल्याचं आठवत होतं. पण ते आजचं की कालचं? एकावर एक बसलेले दिवस. बाटलीवरून काही कळेना. बालरोगतज्ज्ञांनी बजावलं होतं, चुकले तर चालतील, दोनदा देऊ नका. म्हणून ती थांबली. डोळ्यांत पाणी आलं, ते तिने रेवाच्या टोपड्यात पुसलं. एवढंही आठवू नये?

मग तिला सरांचं बोलणं आठवलं. उद्यापासून खूण करायची. उद्या कशाला, बघू आत्ताच, जमतं का. तिने दारातली आपलीच एक चप्पल उचलली आणि पालथी घातली. बघितल्याबरोबर डोळ्यांत खुपली. छान. रेवाला झोपवून ती अंघोळीला गेली.

दहा मिनिटांनी बाहेर आली तेव्हा चप्पल सरळ होती.

"आई, चप्पल कुणी सरळ केली?"

"कुठली चप्पल?"

"ही. मी पालथी ठेवली होती."

"मी नाही बाई हात लावला. मी तर आत्ता कपडे वाळत घालून आले." आई तिच्याकडे काळजीने बघत होती. "आणि पालथी कशाला ठेवतेस? भांडणं लागतात घरात."

घरात तिसरं माणूस नव्हतं. फक्त झोपलेली रेवा.

आई खोटं बोलत नव्हती. गॅलरीतून येताना तिच्या हाताने ते केलं होतं आणि तिला सांगितलंच नव्हतं. डोक्याची आठवण वेगळी, हाताची वेगळी. हात जे शिकतो ते विचारून करत नाही, आणि केल्यावर कळवतही नाही.

क्षिप्रा ओल्या केसांनीच दारात उभी राहिली. डोळ्यांत खुपेल अशी खूण करा, असं सर म्हणाले होते. पण जे डोळ्यांत खुपतं, ते आपल्या घरांतून कोण तसं राहू देतं?

तिने पोलीस ठाण्यात फोन लावून ज्ञानेश्वरीला द्यायला सांगितलं. "आप्पांच्या चपलांना हात लावायचा नाही, असं का म्हणायचे?"

"पहिल्या दिवशी मी आले तर एक चप्पल पालथी. मी सरळ करायला वाकले तर केवढ्यानं ओरडले. मग मी सोडूनच दिलं. रोज पालथीच असायची. चारला वर्गाला जाताना घालून जायचे. म्हाताऱ्या माणसाची खोड असते, मॅडम."

६

साडेचार वाजता कुलदीपने दार उघडलं. क्षिप्राने आत येताना मोबाईलचा कॅमेरा सुरू करून तो जोड्यांच्या कपाटावर उभा ठेवला.

"एक ग्लास पाणी मिळेल?"

तो आत वळला. तिने खाली वाकून आप्पांची उजवी चप्पल पालथी घातली. तो पाणी घेऊन आला, ग्लास तिच्या हातात दिला आणि तसाच उभा राहिला. ती पाणी प्यायली. चप्पल सरळ होती.

"तुमच्या आईंचा फोटो जवळून बघू?"

तो फोटो काढायला गेला. तिने पुन्हा पालथी घातली. फोटो देऊन झाला, चप्पल सरळ झाली. तिची सँडल त्याने पायाने सरळ केली होती, बापाची चप्पल मात्र वाकून, हाताने करत होता. बोलत होता आईबद्दल.

तिसऱ्यांदा तिला बघवलं नाही. पण कागदासाठी ते हवं होतं, म्हणून तिने कॅलेंडर मागितलं आणि चप्पल पुन्हा पालथी घातली. दिघ्यात एक मूल कुणाचं तरी बोट शोधत होतं.

"कुलदीप, मी आल्यापासून तुम्ही काय काय केलंत?"

"म्हणजे? पाणी दिलं. फोटो दिला. हे कॅलेंडर दिलं."

"बस?"

"बस."

तिने मोबाईल त्याच्या हातात दिला. त्याने स्वतःला बघितलं. एकदा वाकलेला. दोनदा. तिसऱ्यांदा वाकलेला दिसल्यावर त्याने व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा बघितला.

"हे मी... आई करायला लावायची. लहानपणापासून. पालथी चप्पल दिसली की आधी सरळ कर, मग घरात ये. मॅडम, याचा काय संबंध?"

सांगितलं नाही तर हा माणूस उरलेलं आयुष्य एका निरपराध मुलीचा राग करत, पण सुखाने जगेल. क्षिप्राने ते सगळं एका क्षणात तोलून पाहिलं, आणि सांगितलं. खालच्या आवाजात, एकेक पायरी उतरल्यासारखं. सांगता सांगता तिने ती चप्पल पालथी घालून दाखवली.

"आप्पा नऊला गोळी घ्यायचे आणि एक चप्पल पालथी घालायचे. तीच त्यांची खूण. तुम्ही दोघं तोवर कामावर गेलेले असायचात, आणि तुम्ही यायच्या आत चारला ते ती घालून वर्गाला जायचे. शनिवार-रविवार गोळी प्राचीच द्यायच्या. म्हणून ती चप्पल तुम्हाला कधीच दिसली नाही. मंगळवारी तुम्ही घरी होता. कुरियर आलं, तुम्ही दार उघडलंत."

"नाही. मी खोलीत..." तो थांबला. "कुरियर. हो. माझंच होतं ते. चार्जर."

"हेडफोन कानात होता, तुम्ही मिटिंगमध्येच होता. म्हणून तुम्हाला आठवतं ते मिटिंगचं. दारापर्यंत पाय आले. आप्पा हॉलमध्ये फेऱ्या मारायचे ना, डॉक्टरांनी सांगितलेल्या? पुढच्या फेरीत त्यांना चप्पल सरळ दिसली. त्यांना वाटलं, गोळी राहिली. घेतली, पालथी घातली. मग इस्त्रीवाला. मग गॅस. मग टाकीवाले."

कुलदीप बोटं मोजत नव्हता, पण ओठ हलत होते.

"ते विसरले नव्हते," ती म्हणाली. "डोकं सांगत असेलही, घेतली म्हणून. पण त्यांना शिकवलं होतं, डोक्यावर विश्वास ठेवू नका."

भिंतीवरचं घड्याळ चालू होतं. चावी द्यायला आता कुणी नव्हतं. एकदोन दिवसांत ते थांबणार होतं.

"तुम्ही नाही केलंत," क्षिप्रा म्हणाली. "हाताने केलं."

"हात कुणाचा होता, मॅडम?"

क्षिप्राने तिथेच त्याचा जबाब लिहून काढला. तिने कागद पुढे केला. त्याने न वाचता सही केली, मग म्हणाला, "त्या मुलीला सोडा. आत्ताच फोन करा. मी तिला दोन तास म्हटलं ना. मला खरंच दोन तास वाटले होते."

तिने साहेबांना फोन लावला. पलीकडून सगळं ऐकून घेतल्यावर साहेब म्हणाले, "मग गुन्हा कुणावर लावायचा?"

"कुणावरच नाही, सर. वॉचमनचा, समोरच्या आजींचा जबाब आहे, व्हिडिओ आहे. सहाच्या आत टेबलावर ठेवते. ज्ञानेश्वरीला आधी घरी पाठवा. तिची मुलगी लहान आहे."

साहेबांनी दोन्ही जबाबांची नावं लिहून घेतली. मग म्हणाले, "तारीख नीट टाका." आवाज नेहमीपेक्षा मऊ होता.

ती निघायला वळली तोच बाहेर लिफ्टचं दार वाजलं आणि प्राची आली. तेराव्याचं सामान आणायला गेलेली, दोन्ही हातांत पिशव्या, खांद्यावर पर्स घसरलेली. "अरे, मॅडम परत? बसा ना. कुलदीप, गुरुजींचा फोन आला होता, दर्भ तेच आणतायत..." बोलता बोलता तिने पायाने, खाली न बघता, दारातली पालथी चप्पल सरळ केली आणि स्वयंपाकघराकडे गेली.

सांगताना दाखवायला क्षिप्राने पालथी घातलेली ती चप्पल तशीच राहिली होती, हे तिच्याही लक्षात नव्हतं.

कुलदीप चपलेकडे बघत राहिला. मग तो उठला, उंबऱ्यापाशी गुडघ्यांवर बसला आणि बापाची चप्पल दोन्ही हातांनी उचलून हळूच पालथी घातली.

"अरे, हे काय करतोयस?" प्राची आतून येत म्हणाली. "भांडण लागेल घरात."

"राहू दे," तो म्हणाला. "आप्पांची गोळी झालीय."